देशावरची हवा आणि माझ्या दोन ओळी

आज माझ्या नावावर चार पुस्तकं आहेत. घरी कोणी आलं की मी ती फडताळातून काढून दाखवतो, आणि दाखवताना थोडी फुशारकीही मारतो. का मारू नये? पण माझं छापून आलेलं पहिलं लिखाण त्या चारांत नाही. ते फक्त दोन ओळींचं होतं, मालकांना न विचारता मी ते वर्तमानपत्रात घुसडलं होतं, आणि त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

मुंबईत प्लेग आला त्याच्या आधीची ही वर्षं. गिरगावातल्या एका गल्लीत तळमजल्यावर आमचा छापखाना होता. मी तिथं खिळे जुळवायचो. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. पुढं लाकडी पेटी, पेटीत शंभरावर खण, एकेका खणात एकेक अक्षर. कागदावरचा मजकूर वाचायचा आणि एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीत उलटा लावत जायचा. दिवसभर उभं राहून पायांत गोळे यायचे, बोटं शिशानं काळी व्हायची. पण हात चालायला लागला की असा चालायचा, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. माझ्याइतका जलद जुळारी त्या गल्लीत दुसरा नव्हता. हे मी सांगत नाही, मालक सांगायचे.

मालक म्हणजे संपादकही तेच. माणूस विद्वान, आवाज खणखणीत, धोतर परीटघडीचं. जन्म गिरगावातला, सासुरवाडी गिरगावातली. घाट चढून ते पुण्याच्या पुढं कधी गेले नव्हते. पण आमच्या साप्ताहिकाचे बरेचसे वर्गणीदार मात्र देशावरचे, नगर, खानदेश, वऱ्हाडातले. त्यांच्यासाठी मालकांनी 'देशावरची हवा' असं एक सदर चालवलं होतं. सरकारी हवामानाचा इंग्रजी कागद यायचा, त्यावरून मालक मराठीत पाच-सात ओळी लिहायचे, आणि त्या मी जुळवायचो. ते सदर मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. मी नगरकडचा. आठवडाभर मुंबईच्या दमट हवेत राहून माझ्या मुलखाची हवा मला त्या पाच-सात ओळींतच भेटायची.

त्या वर्षीच्या चैत्रातली गोष्ट. गिरगावात सदरा पाठीला चिकटत होता. अशा दिवसांत संध्याकाळी समुद्राकडून झुळूक आली की गिरगावकर गॅलरीत येऊन म्हणतो, "हुश्श, सुटलो बुवा!" मालकही तेच म्हणायचे. त्यांच्या लेखी वारा म्हणजे सुख. त्यात त्यांचा दोष नव्हता, त्यांनी दुसरा वारा पाहिलाच नव्हता. त्या आठवड्याच्या सदरात त्यांनी लिहिलं: 'पुढील आठवडाभर देशावर हवा उष्ण व कोरडी राहील. आकाश निरभ्र. दुपारी वायव्येकडून जोराचा वारा सुटून उष्मा सुसह्य होईल व वाचकांस आल्हाद वाटेल.'

आल्हाद! ते वाचून माझं डोकंच सणकलं.

अहो, आमच्याकडचा चैत्रातला वारा कसा असतो ते ऐका. पिळलेलं धोतर दोरीवर टाकून मागं वळावं, तोवर ते कडक होतं. ओठ फुटतात. सकाळी पान हलत नाही, आणि ऊन चढलं की उंबऱ्यापाशी धूळ गिरक्या घ्यायला लागते. बायका तेव्हा आभाळाकडं बघत नाहीत, चुलीकडं बघतात. कारण घरावर छप्पर गवताचं, शेजारच्या घरावर गवताचं, आणि मध्ये हातभर बोळ. आमच्या गावात चैत्र लागला की भाकऱ्या सकाळीच भाजून घ्यायच्या आणि वारा उठायच्या आत चूल विझवून निखाऱ्यांवर पाणी ओतायचं, असा दंडक होता. कोतवाल दवंडी पिटायचा. आणि तो दंडक आमच्या गावाला कुणी शहाण्यानं शिकवला नव्हता. मी लहान असताना आमची अख्खी आळी एका दुपारी जळाली, तेव्हापासून तो आला होता. दुसऱ्या गावांना तो माहीत असेलच असं नव्हतं.

मालकांचा शब्द बदलायची माझी छाती नव्हती. छापखान्यात जुळाऱ्यानं स्वतःचं डोकं वापरायचं नसतं. कागदावर जे आहे ते पट्टीत यायला हवं, बस. पण त्या दिवशी सदर दोन ओळींनी कमी पडलं. असं झालं की ती मोकळी जागा भरायचं काम जुळाऱ्याचं असे. दंतमंजनाची नाहीतर केशतेलाची एखादी छोटी जाहिरात जुळवून तयार ठेवलेली असायची, ती बसवली की झालं. मी दंतमंजन उचललं. परत ठेवलं. आणि कागदावर काही न लिहिता, सरळ खणांतून खिळे उचलत जुळवलं: 'गवती छपरे असतील तेथे वारा उठण्यापूर्वी चुली विझवून निखाऱ्यांवर पाणी ओतावे. अशा दिवसांत वारा हा मित्र नव्हे.'

दोन ओळी बरोबर बसल्या. एक खिळा इकडं नाही की तिकडं नाही. मला इतका आनंद झाला, की काय सांगू! स्वतःच्या मनातलं वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा शिशात पाहिलं.

मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी काढलेले नमुने, तपासायला आमच्याकडं एक म्हातारे शास्त्रीबुवा होते. नाकाला कागद लावून वाचायचे. त्यांनी तो मजकूर तपासला, खाली सही केली, आणि अंक छापून टपालात पडला.

चार दिवसांनी पुण्याच्या एका वर्गणीदाराचं पत्र आलं. मालक ते हातात फडफडवत जिना उतरले. कुणा खवचट माणसानं लिहिलं होतं, की आपण आता चुलीकडे वळलात हे पाहून संतोष झाला, पुढील अंकी आमटीला फोडणी केव्हा द्यावी तेही सांगावे. मालकांना टीका चालायची, हसणं मात्र अजिबात खपत नसे.

"हे कोणी घातलं माझ्या सदरात?" ते गरजले. मग ते शास्त्रीबुवांकडे वळले. "शास्त्रीबुवा, सही तुमची आहे. या ओळी माझ्या नाहीत हे तुम्हाला दिसलं नाही?"

शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले, "दिसल्या होत्या की. शुद्ध होत्या."

"शुद्ध होत्या म्हणून सोडल्यात? तुमचे डोळे गेले असतील तर घरी बसा!"

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. घरी बसायला त्यांना घर तरी कुठं होतं. पुतण्याच्या खोलीत एका कोपऱ्यात अंथरूण होतं. मला ते बघवेना. मी पट्टी खाली ठेवली आणि पुढं झालो.

"मालक, त्या ओळी माझ्या आहेत. बुवांना बोलू नका."

मालक माझ्याकडं बघतच राहिले. "तुझ्या? तू कधीपासून लिहायला लागलास?"

"त्याच दिवसापासून," मी म्हणालो. हे उद्धट होतं, कबूल आहे. पण जीभ आधी चालते आणि अक्कल मागून येते, ही माझी जन्माची खोड आहे.

सगळे जुळारी खाली मान घालून हसू दाबायला लागले आणि मालकांचा पारा चढला. त्यांनी तिथंच उभ्यानं कागदावर लिहिलं आणि माझ्या पेटीवर आपटलं: 'मागील अंकी चुलींविषयीच्या दोन ओळी नजरचुकीने छापल्या गेल्या. वाचकांनी त्यांकडे दुर्लक्ष करावे.'

"हे तू जुळवायचं. तुझ्याच हातानं. उद्या सकाळी माझ्यापुढं मुद्रित पाहिजे. नाहीतर दुसरं काम बघ."

दुसऱ्या कोणत्याही शब्दाचं मला काही वाटलं नसतं. 'नजरचुकीने' मी गिळला असता. पण 'दुर्लक्ष करावे'? म्हणजे ज्या गावानं गेल्या शनिवारी वाचून चूल विझवली असेल, त्याला या शनिवारी मी सांगायचं, की पेटवा बाबांनो, खुशाल पेटवा? तो कागद मी पेटीवरच ठेवला आणि टोपी घालून बाहेर पडलो.

लालबागेतल्या आमच्या खोलीवर पोचलो, तर बायको जात्याशी बसली होती. मी सगळं सांगितलं. ती दळण थांबवून म्हणाली, "छान झालं. आता त्या दोन ओळी शिजवून घालू का पोरांना?"

"मी काय खोटं लिहिलं?"

"खरं लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी? मुंबईत येऊन दहा वर्षं झाली, तरी नाकावरचा राग गावचाच!" मग ती उठली. भाकरी वाढली, कांदा फोडून दिला, आणि मी जेवायला लागल्यावर म्हणाली, "मालकांसमोर म्हाताऱ्या बुवांना वाचवलंत, ते मात्र बरं केलंत. उद्या जा आणि काय ते ताठ उभं राहून सांगा. रडत येऊ नका म्हणजे झालं." ही बाई माझ्या वाट्याला आली, याचा मला अजून अभिमान वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक खाली आले. कागद होता तिथंच होता.

"जुळवलं?"

"नाही मालक. चूक मी केली. तुमच्या सदरात न विचारता हात घातला, त्याची माफी मागतो. त्याबद्दल काय ती शिक्षा करा. पण दुर्लक्ष करा असं माझ्या हातून जुळणार नाही."

मालकांनी कागद उचलून शेजारच्या पेटीवर टाकला. तिथला जुळारी कोकणातला, मोठा मिश्किल. आमच्यात एक रिवाज होता: एकानं नाही म्हणून ठेवलेला मजकूर दुसऱ्यानं उचलायचा नाही. पण मालकांना नाही म्हणायचं कसं? त्यानं कागद वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मालक, माझ्या पेटीत 'क्ष' संपलेत." क्षचा खण त्याच्या नाकासमोर काठोकाठ भरलेला होता. तिसऱ्यानं न विचारताच सांगून टाकलं, "माझेही संपलेत."

"ठीक आहे," मालक म्हणाले. "मी लिहू शकतो, तर मी जुळवूही शकतो."

आणि खरोखरच त्यांनी उपरणं काढून खुंटीला लावलं, माझ्या हातातली पट्टी घेतली आणि पेटीपुढं उभे राहिले. 'मागील'चा म सापडायलाच त्यांना कितीतरी वेळ लागला. वेलांटी उलटी लावली. ती काढायला गेले तर शेजारचा ग सुटला. कपाळावर घाम. मला सांगावंसं वाटत होतं, 'मालक, पट्टी जरा कलती धरा,' पण मी दात दाबून उभा होतो. जेमतेम पहिली ओळ झाली असेल, तेवढ्यात त्यांचा कोपर पेटीच्या कडेला लागला, खालच्या चौकटीवरून अर्धी पेटी सरकली, आणि हजारभर खिळे खळकन जमिनीवर!

छापखान्यात याहून वाईट काही नसतं. मिसळलेले खिळे वेचून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे म्हणजे दिवसाचं मरण. आणि तिथं एक नियम असतो, तो सगळ्या छापखान्यांत सारखाच: ज्यानं सांडले त्यानंच वेचायचे. मग तो कोणी का असेना. शास्त्रीबुवांनी चष्म्यावरून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मालक, नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण नाही. हा माणूस तसा अस्सल होता. त्यांनी परीटघडीचं धोतर वर खोचलं, जमिनीवर मांडी घातली आणि वेचायला सुरुवात केली. एक खिळा उचलायचा, उजेडाकडं धरायचा, डोळे बारीक करून बघायचा. 'प' आणि 'ष' यांत त्यांचा घोळ होत होता. दहा-बारा खिळे झाल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी समोर जाऊन बसलो आणि वेचू लागलो. नियम मोडला, पण पेटी माझी होती.

मी खिळे ओळखून देत होतो, ते खणात टाकत होते. मग खाली मान घालूनच मालक म्हणाले, "नोकरीवर पाणी सोडायला निघालास. एवढं काय आहे रे त्या चुलीत?"

मी कोणाला कधीच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. पण त्यांचे ते काळे झालेले हात बघून मला एकदम वाटलं, की सांगून टाकावं.

"मालक, आमची आळी जळाली ती आमच्या चुलीनं जळाली. आईनं निखाऱ्यांवर राख ओढली होती, पाणी नव्हतं घातलं. पाणी लांबून आणायचं, म्हणून जपून वापरायचं. ती आणि मी विहिरीवर गेलो. मागं वळून पाहिलं तर पहिला धूर आमच्या छपरातनं. आम्ही धावत पोचलो तोवर वारा सगळ्या आळीवरनं फिरला होता. माणूस गेलं नाही, देवाची कृपा. पण शेजाऱ्याची दोन वासरं दाव्यालाच जळाली. कुणाच्या घरातनं सुरू झालं ते कुणाला कळलं नाही, आणि आम्ही दोघांनी सांगितलं नाही. आई शेजारणीच्या गळ्यात पडून रडली, पण सांगितलं नाही. ती अजून आहे. त्या दिवसापासून चैत्र-वैशाखात ती दिवसा चूल पेटवत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, मला भूक नसते."

सांगताना माझे हात खिळे वेचतच होते.

मालकांनी हातातले खिळे खाली ठेवले. "आणि मी लिहिलं, आल्हाद वाटेल."

"तुम्हाला काय माहीत, मालक. इकडचा वारा वेगळा."

"मग मला माहीत नाही ते मी लिहिलंच का?" ते स्वतःवरच चिडून म्हणाले. मग उठले, हात तसेच काळे घेऊन जिना चढून वर गेले. उरलेले खिळे आम्ही सगळ्यांनी मिळून वेचले.

दुपारी वरून कागद आला. त्यावर काळ्या बोटांचे ठसे होते. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला. 'देशावर हवा उष्ण व कोरडी राहील. दुपारी जोराचा वारा सुटेल. मागील अंकी आम्ही या वाऱ्यास आल्हादकारक म्हटले, ती आमची चूक होय. गवती छपरे असतील तेथे वारा उठण्यापूर्वी चुली विझवून निखाऱ्यांवर पाणी ओतावे. ही सूचना आमच्या छापखान्यातील जुळाऱ्याने स्वानुभवावरून केली असून, तो देशावरचा आहे. पाऊस पडेपर्यंत ती प्रत्येक अंकी छापली जाईल.'

तो मजकूर मी जुळवला. गल्लीतला सगळ्यात जलद जुळारी मी, पण त्या दिवशी 'जुळाऱ्याने' हा एक शब्द लावताना माझा हात दोनदा चुकला. हजारो माणसांची नावं, पदव्या, मानपत्रं या हातांनी लावली होती. जुळाऱ्याबद्दल एक अक्षर कधी लावलं नव्हतं. शास्त्रीबुवांनी मुद्रित मोठ्यानं वाचलं. त्यांची पद्धत मनात वाचायची होती, पण त्या दिवशी त्यांनी अख्ख्या छापखान्याला ऐकू जाईल असं वाचलं, आणि सही करताना म्हणाले, "शुद्ध आहे हो!"

अंक गावोगाव गेला. आमच्या गावालाही एक जायचा, शाळेच्या पंतोजींच्या नावानं. ते दर आठवड्याला तो चावडीवर मोठ्यानं वाचायचे. पुढं काय झालं ते मला वैशाख संपता संपता कळलं. आमच्या गावचा एकजण परळच्या गिरणीत साच्यावर होता. तो गावाहून परतला आणि सरळ माझ्या खोलीवर आला. बसायलाही तयार नव्हता. उंबऱ्यातूनच सांगायला लागला.

"पंतोजींनी वाचलं तेव्हा मी तिथंच होतो. त्यांनी विचारलं, हा देशावरचा जुळारी कोण असेल बुवा? तर तुझी आई उठली. एवढ्या बापयांच्या घोळक्यात, अख्ख्या चावडीसमोर, पदर सावरून उभी राहिली."

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, तो माझा लेक हाय. त्यानं खरं लिवलं. आन् आपली आळी जळाली ती माझ्या चुलीनं."

बायकोनं त्याला विचारलं, की मग लोक काय म्हणाले.

"कोण काय म्हणणार? जिची वासरं आगीत गेली ती म्हातारी पायरीवर बसली होती. तिनं जरा सरकून तुझ्या आईला शेजारी जागा करून दिली."